नावाचा चमचा

चमचा म्हटलं की आपल्याला आधी राजकारण आठवतं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये मात्र तरुण आपल्या मनातल्या मुलीला चमचाच देत. लाकडाचा, स्वतः कोरलेला. त्याला ‘लव्हस्पून’ म्हणतात. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयातल्या अशा एका चमच्यावर १६६७ हे साल आहे.

शेतावर राबणाऱ्या पोराकडे सोनं कुठलं? लाकूड होतं, चाकू होता आणि हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री. मुळात हा जेवणातला साधा चमचा. पुढे नक्षीसाठी दांडाच रुंद होत गेला आणि खाण्याचं काम मागे पडलं. दांड्यावर बदाम, किल्ली, कधी दोघांची आद्याक्षरं. मला नवल वाटतं ते साखळीचं. तिच्या कड्या जोडलेल्या नसतात. एकाच लाकडातून सुट्या, हलत्या कोरून काढलेल्या असतात. शेवटच्या कडीला चाकू निसटला, की सगळी मेहनत वाया!

आपल्याकडेही भेटीच्या भांड्यावर नाव असतंच. आईच्या लग्नातले पितळी डबे मी परवा उतरवून पाहिले. मामा, आत्या, शेजारी, सगळ्यांची नावं ठसठशीत. घातलेली अर्थात दुकानदारानं. आईचं नाव मात्र एकाच डब्यावर सापडलं, तेही माहेरचं.