प्रो-सीमध्ये 'पीसीसी' एरर आली? नेमकं कुठे बघायचं?

समजा, चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात स्टॉकचा प्रोग्रॅम सी भाषेत आहे आणि डेटा ओरॅकलमध्ये. सी कोडमध्येच 'एक्झेक एसक्यूएल' लिहून क्वेरी टाकलेल्या आहेत. सी कंपायलरला क्वेरी कळत नाही. म्हणून ओरॅकलचा प्रो-सी प्रीकंपायलर आधी धावतो आणि क्वेरींच्या जागी साधे सी फंक्शन कॉल टाकून नवी '.सी' फाइल बनवतो. मग कंपायलरची पाळी येते.

एरर कोणाची?

'पीसीसी'ने सुरू होणारी एरर प्रीकंपायलरची, 'ओआरए'ने सुरू होणारी डेटाबेसची. एका चुकीमुळे पुढे ढीगभर एरर येतात, म्हणून सगळ्यात पहिली वाचा. ग्रुपवर मदत मागतानाही स्क्रीनशॉट पहिल्या एररचा टाका.

नेहमीच्या तीन एरर

१. पीसीसी-एस-०२०१५: इन्क्लूड फाइल उघडता आली नाही. सर्व्हरवर जीसीसी अपडेट झालं की हे हमखास होतं, कारण हेडरच्या पाथमध्ये जीसीसीचा व्हर्जन नंबर असतो. ओरॅकल होममधल्या 'प्रीकॉम्प/अ‍ॅडमिन' फोल्डरमध्ये 'पीसीएससीएफजी.सीएफजी' फाइल आहे. तिथला 'सिस_इन्क्लूड' पाथ बदला.

२. पीसीसी-एस-०२२०१: अनपेक्षित चिन्ह सापडलं. ओळ तुमच्या फाइलमधली असेल तर सेमीकोलन, कंस तपासा. सिस्टिम हेडरमधली असेल तर प्रो-सीला त्या हेडरमधलं सी समजलेलं नाही. अशा वेळी 'पार्स=पार्शल' वापरा.

३. पीसीसी-एस-०२३२२: व्हेरिएबल ओळखता आलं नाही. 'पार्स=पार्शल' केल्यावर ही बऱ्याचदा येते. क्वेरीत कोलन लावून वापरलेली व्हेरिएबल्स 'डिक्लेअर सेक्शन'मध्ये हलवा.

बिल्ड झालं म्हणजे संपलं नाही

'एसक्यूएलचेक'चं डिफॉल्ट 'सिंटॅक्स' आहे. त्यात फक्त क्वेरीची रचना तपासली जाते, टेबल किंवा कॉलम खरंच आहे का ते नाही. कॉलमचं नाव चुकलं तरी बिल्ड पास होतं आणि 'ओआरए-००९०४' रात्रपाळीत, गाडी भरायची थांबल्यावर दिसते. म्हणून 'एसक्यूएलचेक=सिमँटिक्स' ठेवा आणि 'युजरआयडी' द्या. मग प्रीकंपायलर डेटाबेसला जोडून खात्री करतो. मात्र त्या युजरला टेबलची परवानगी हवी.

प्रीकंपायलरने बनवलेली '.सी' फाइल हाताने दुरुस्त करू नका. पुढच्या बिल्डला ती पुन्हा तयार होते आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. बदल नेहमी मूळ '.पीसी' फाइलमध्येच करा.

ओरॅकल नसेल तर सरावासाठी पोस्टग्रेसचं 'ईसीपीजी' आहे. ते मोफत आहे आणि कामाची पद्धत हीच.