थायरॉईड आणि तान्ह्या बाळाचे रक्त : प्रस्तावना

बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी 1883 साली मोठ्या प्रामाणिकपणे नोंदवले, की ज्यांची थायरॉईड ग्रंथी त्यांनी पूर्ण काढली होती, त्यांतले कितीतरी रुग्ण पुढे मंद, सुजरे आणि फिकट झाले. मंदपणावर पुढे भरपूर लिहिले गेले, फिकटपणा मात्र मागे राहिला. या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वागत मी त्या फिकटपणापासूनच करतो.

थायरॉईड जन्मतःच अपुरे असलेल्या बाळाचे शरीर प्राणवायू कमी वापरते, म्हणून मूत्रपिंडांतून लाल पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिनही कमी सुटते. शिवाय अस्थिमज्जेला थायरॉईडच्या संप्रेरकाकडून थेट मिळणारी चालना उणी पडते. यातून होणारा रक्तक्षय बहुधा सौम्य असतो. लाल पेशी नेहमीच्या आकाराच्या किंवा किंचित मोठ्या दिसतात. खरी अडचण इथे आहे. निरोगी बाळाचे हिमोग्लोबिनसुद्धा जन्मावेळच्या 16-17 ग्रॅमवरून 8 ते 12 आठवड्यांत 10-11 वर येते. या नैसर्गिक उतारात आजार सहज मिसळून जातो. त्यातच आपल्याकडे लोहाची कमतरता आणि थॅलेसेमियाचे वाहक दोन्ही पुष्कळ. त्यांत पेशी लहान होतात आणि उरलीसुरली खूणही पुसली जाते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, ‘बाळ फार शांत आहे हो, रडतच नाही’ हे घरच्यांचे कौतुक, सारे सुटे सुटे राहते.

क्वेबेकमध्ये जाँ द्युसो यांनी 1970च्या दशकात नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावर थायरॉईडची तपासणी सुरू केली, आणि निदान लक्षणांच्या कितीतरी आधी होऊ लागले. मात्र बाळाला रक्त चढवायचे असेल, तर ठिपका त्याआधी घ्यावा. नंतर दात्याचे रक्त निकाल फसवते.

उपचार म्हणून थायरॉक्सिन हे थायरॉईडचे संप्रेरक सुरू झाले की रक्त सावरते, पण सावकाश. तोवर कोणी लोहाचे थेंब लिहून दिले, तर दोन्ही औषधांत चार तासांचे अंतर हवे, कारण लोह आतड्यातच थायरॉक्सिनला अडकवते. पालकांना हे सांगायचे राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

2012 साली थायरॉईड संप्रेरकाच्या अल्फा ग्राहीत (रिसेप्टरमध्ये) दोष असलेली मुले प्रथम वर्णिली गेली. त्यांचे टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे, ठिपक्यात सहसा मोजले जाणारे संप्रेरक) सामान्य असते, त्यामुळे ठिपक्याच्या तपासणीतून ती निसटतात. रक्तक्षय मात्र त्यांच्यात वारंवार आढळतो, आणि अनेकांच्या लाल पेशी मोठ्या असतात.