मालकाच्या नावे पत्र : गाडीच्या रिकॉलची कुळकथा

1953 सालच्या ब्यूक रोडमास्टर मोटारीत त्या काळी नवलाईचे वाटणारे पॉवर ब्रेक होते. गाड्या रस्त्यावर आल्या आणि थोड्याच दिवसांत जनरल मोटर्सच्या ध्यानात आलं, की काही गाड्यांच्या मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळतं आणि ब्रेक एकाएकी जातात. कंपनीने डीलरांकडे दुरुस्तीचे भाग पाठवले आणि सांगितलं, गाडी दुसऱ्या कुठल्या कामाला आली की हेही उरकून टाका. मालकांना मात्र कुणी कळवलं नाही. 1954 मध्ये मिशिगन राज्यातल्या एका ब्यूक डीलरकडे अशीच ब्रेक गेलेली गाडी आली. ब्रेक नाहीत हे मालकाने बजावून सांगितलं होतं. पण गाडी आत घ्यायला बसलेला माणूस ते विसरला. दुसऱ्या गाडीचं काम करत असलेला मेकॅनिक मध्ये सापडला आणि त्याला पाय गमवावा लागला.

मेकॅनिक कोर्टात गेला. ब्रेक नाहीत हे गॅरेजमधल्या माणसाला ठाऊक होतं, मग दोष आमच्याकडे कसा, हा कंपनीच्या बचावाचा रोख होता. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये तो मानला नाही. जिवावर बेतणारा दोष गाडी विकल्यानंतर लवकरच कंपनीला कळला, तर तो गाडी वापरणाऱ्याला सांगणं हे तिचं कर्तव्यच आहे, असं न्यायालयाने ठरवलं. रिकॉलचं मूळ मला इथे दिसतं. भाग सदोष निघणं ही कारखानदारीतली जुनी गोष्ट आहे आणि ती पुढेही राहणार. दोष कंपनीला माहीत आणि गाडी चालवणाऱ्याला नाही, ही अवस्था मात्र गुन्ह्यासारखी आहे, हे पहिल्यांदा इतक्या स्वच्छपणे मांडलं गेलं.

निकाल एका राज्याचा होता. देशभराचा कायदा यायला आणखी सात वर्षं गेली आणि त्यामागे जनरल मोटर्सचाच अविचार कारणी लागला. राल्फ नेडर या तरुण वकिलाने नोव्हेंबर 1965 मध्ये मोटार कंपन्यांच्या बेपर्वाईवर पुस्तक लिहिलं. कंपनीने त्याच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. हे उघडकीला आलं आणि मार्च 1966 मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. त्या वातावरणात मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी एक साधी मागणी पुढे रेटली : दोष आढळला की कंपनीने मालकाला कळवलंच पाहिजे. नेडर यांच्या लढ्याचं कौतुक खूप झालं, ते योग्यच आहे. पण आज आपल्या मोबाइलवर रिकॉलचा संदेश येतो, त्याचं श्रेय माँडेल यांच्या या आग्रहालाही द्यायला हवं. 9 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. मोटारींबरोबर मोटरसायकलीही त्यात आल्या.

या पहिल्या कायद्यात दोन मोठी भोकं होती. पत्र जायचं ते गाडीच्या पहिल्या खरेदीदाराला आणि वॉरंटी पुढे कुणाच्या नावावर झाली असेल तर त्याला. जुनी गाडी घेणारा बहुतेक वेळा अंधारातच राहायचा. शिवाय कळवणं सक्तीचं होतं, फुकट दुरुस्ती नव्हे. ‘तुमच्या गाडीत दोष आहे’ असं कळवायचं आणि बिलही मालकाच्याच हातात ठेवायचं, हे कायद्यात बसत होतं. 1974 च्या दुरुस्तीने मोफत काम सक्तीचं केलं आणि सरकारी नोंदणीतून आजचा मालक शोधण्याची वाट काढली.

शोधायचं तर प्रत्येक गाडीला न चुकणारी ओळख हवी. आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने नंबर टाके. अमेरिकेत 1981 च्या मॉडेलांपासून 17 अक्षर-अंकांचा एकच साचा सक्तीचा झाला. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वगळली आहेत, कारण ती एक आणि शून्याशी गफलत करतात. आपल्या आरसी बुकावर छापलेला आणि मोटरसायकलच्या हँडलखालच्या नळीवर ठोकलेला चेसिस नंबर तो हाच. कोणत्या कारखान्यातून, कोणत्या काळात गाडी बाहेर पडली हे त्यावरून लागतं, म्हणून लाखो गाड्यांतून नेमक्या संशयित गाड्या वेगळ्या काढता येतात.

भारतात हे सगळं फार उशिरा आलं. 2010 मध्ये टाटा नॅनोला आग लागल्याच्या घटनांनंतर कंपनीने मालकांना मोफत जादा सुरक्षेची सोय करून दिली, पण हे रिकॉल नव्हे असं आवर्जून सांगितलं. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता आणली ती जुलै 2012 मध्ये. कायदा त्याहून पुढे, 2019 चा. मोटार वाहन कायद्यात 110 अ हे कलम आलं आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या किंवा चाचणी संस्थेने दोष दाखवला, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकतं. दंड 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत. पुण्यात वेताळ टेकडीवर जी एआरएआय आहे, ती अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक. तिची स्थापनाही 1966 चीच. या कलमातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा, की कंपनीने दोष स्वतःहून सरकारला कळवून रिकॉल सुरू केलं तर तिला दंड नाही. लपवण्यापेक्षा सांगणं स्वस्त पडावं, अशी ही रचना आहे.

नियम लागू झाल्यानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात, मे 2021 मध्ये, रॉयल एनफिल्डने 2,36,966 मोटरसायकली तपासणीसाठी बोलावल्या. मीटिओर, क्लासिक आणि बुलेट ही मॉडेलं. बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करून स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल काही गाड्यांत सदोष होती. डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या ठरावीक मालातला हा दोष कंपनीच्या नेहमीच्या चाचणीत सापडला. दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल असा तिचा अंदाज होता, तरी बोलावल्या सगळ्या. कॉइल बिघडली की गाडी मिसिंग करते, क्वचित शॉर्ट सर्किटही होऊ शकतं. चारचाकी मिसिंग करायला लागली तर ती कडेला घेता येते. मोटरसायकलवाला ट्रकला ओव्हरटेक करताना ऐन वेळी गाडीचा दम गेला, तर तो उघड्यावरच असतो.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत घाई आणखी मोठी होती. 26 मार्च 2022 रोजी पुण्याच्या लोहगाव भागात ओलाच्या उभ्या स्कूटरने पेट घेतला आणि तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. एप्रिलमध्ये ओकिनावाने 3,215 आणि ओलाने 1,441 स्कूटर परत बोलावल्या. कंपन्यांनी आधीच पुढे येऊन सदोष बॅचच्या गाड्या परत घ्याव्यात, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी त्याच दिवसांत जाहीरपणे सुनावलं होतं.

इतकं सगळं होऊनही 1966 च्या कायद्यातलं पहिलं भोक आपल्या रस्त्यांवर उघडंच आहे. सेकंड हँड गाडी घेताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ठेवायच्या आणि नावावर करायचं पुढे ढकलायचं, ही आपल्याकडची सर्रास सवय. अशा गाडीचं रिकॉल निघालं तर संदेश जाणार जुन्या मालकाला. त्याने ती गाडी विकून फार दिवस झालेले असतात, तो संदेश पुसून टाकतो. म्हणून गाडी लगेच नावावर करून घ्या आणि वाहन पोर्टलवर आपला चालू मोबाइल नंबर आहे ना ते बघा. गाडी नवी असली तरी वर्षातून एकदा तरी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर देऊन विचारा.

नंबर यादीत निघाला तर नोटीस नीट वाचा. ‘दुरुस्ती होईपर्यंत चालवू नका’ असं म्हटलं असेल, तर दोन किलोमीटरसाठीसुद्धा किक मारू नका. गाडी उचलून नेण्याची सोय कंपनीकडे मागा. ओळखीच्या मेकॅनिककडून भाग बदलून घेण्याचा मोह टाळा, कारण कंपनीच्या नोंदीत त्या चेसिस नंबरपुढे काम अपुरंच राहतं आणि बसवलेला भाग सुधारित आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. रिकॉलच्या कामाला एक पैसाही द्यायचा नाही, भागाचा नाही आणि मजुरीचाही नाही. पैसे मागणारा फोन किंवा लिंक आली तर ती फसवणूक समजा. काम झाल्यावर रिकॉलचा उल्लेख असलेलं जॉब कार्ड मागून घ्या आणि आरसीसोबत जपा; उद्या गाडी विकाल तेव्हा ते नव्या मालकाच्या हाती द्या. डीलर टोलवाटोलवी करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

आपल्या नियमांत मला खटकते ती एक गोष्ट. सक्तीच्या रिकॉलची तरतूद सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरतीच आहे. अमेरिकेत मोफत दुरुस्तीची मुदत 1974 मध्ये आठ वर्षं होती, 2000 मध्ये दहा झाली आणि 2015 मध्ये पंधरा. आपल्याकडे दुचाकीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते. तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातातली दहा वर्षांची मोटरसायकल गावाहून रोज तालुक्याला ये-जा करते, अनेकदा मागे बायको आणि पुढे टाकीवर पोर घेऊन. सरकार त्या गाडीचा कर पंधरा वर्षांचा एकदम भरून घेतं. रिकॉलची मुदतही पंधराच हवी.