आडव्या वाऱ्याचा उभा भोवरा

‘मेसोसायक्लोन’ म्हणजे गडगडाटी ढगाच्या पोटातला फिरता झोत. या शब्दाचं आडनाव कोलकात्याचं आहे. हेन्री पिडिंग्टन हा इंग्रज दर्यावर्दी एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात स्थायिक झाला. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा तो अध्यक्ष होता. वादळात सापडलेल्या गलबतांच्या रोजनिशा त्यानं जमवल्या आणि त्यांतल्या वाऱ्याच्या नोंदी नकाशावर मांडल्या. तेव्हा लक्षात आलं की या वादळातला वारा सरळ वाहत नाही, मधल्या एका बिंदूभोवती वेटोळं घालतो. सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यानं ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. खलाशांसाठी त्यानं १८४८ साली काढलेल्या मार्गदर्शक पुस्तकातून तो जगभर गेला.

ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्याचं नाव ‘टोर्नाडो’. हा शब्द ‘सायक्लोन’हून जुना आणि तोही खलाशांचाच. स्पॅनिशमध्ये ‘त्रोनादा’ म्हणजे गडगडाटी वादळ आणि ‘तोर्नार’ म्हणजे वळणं, फिरणं. जहाजांवरच्या तोंडी वापरात दोन्ही एकमेकांत मिसळले आणि एका शब्दात गर्जना व गिरकी एकत्र आली. गडगडणारा ढग आणि फिरणारा वारा यांची गाठ भाषेनं अशी फार लवकर बांधली. ती खरोखर कशी बसते, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

कोडं असं होतं. समुद्रावरचं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून त्याला गिरकी मिळते. गडगडाटी ढगाचा विस्तार मात्र दहा-वीस किलोमीटरचा आणि आयुष्य तास-दोन तासांचं. एवढ्या लहान जागेत, एवढ्या थोड्या वेळात पृथ्वीच्या फिरण्याचा हात पोचत नाही. तरीही काही ढगांच्या पोटातला वर चढणारा हवेचा झोत गरगर फिरतो. ही गिरकी येते कुठून?

शोधाची सुरुवात झाली ती साध्या ढगापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट’ नावाची मोहीम निघाली. १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत लष्करी विमानं वेगवेगळ्या उंचीवरून मुद्दाम गडगडाटी ढगांमध्ये घातली गेली. होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरून ढगाचं आयुष्य मांडलं. गडगडाटी वादळ अनेक ‘सेल’चं, म्हणजे पेशींचं, बनलेलं असतं. प्रत्येक पेशी आधी नुसती वर चढते, मग चढता झोत आणि कोसळता पाऊस तिच्यात शेजारी-शेजारी नांदतात, आणि शेवटी पाऊस चढत्या झोतावरच पडून त्याला विझवतो. हा सारा खेळ साधारण तासाभरात आटोपतो. पाऊस पाडता पाडताच असा ढग स्वतःचा शेवट ओढवून घेतो.

मग काही ढग तासन् तास कसे जगतात? याचं उत्तर इंग्लंडमध्ये, ९ जुलै १९५९ रोजी हाती लागलं. त्या दिवशी दक्षिण इंग्लंडवरून गेलेल्या गारपिटीच्या वादळावर अनेक रडार रोखलेली होती. फ्रँक लडलम आणि त्यांचा तरुण विद्यार्थी कीथ ब्राउनिंग यांनी त्या प्रतिमा एकमेकांशेजारी ठेवून तपासल्या. वादळ वोकिंगहॅम गावाच्या आसपास असताना अर्ध्या तासाच्या प्रतिमांत त्याची ठेवण जवळजवळ बदललीच नव्हती. जन्म, भर, अंत हा क्रम तिथे दिसत नव्हता.

त्याहून नवल म्हणजे ढगाच्या ऐन जोराच्या जागी रडारला काहीच दिसत नव्हतं. पावसाच्या आणि गारांच्या गर्दीत वर छत असलेली एक रिकामी कमान होती. तिथे पाऊस नव्हता, कारण हवा इतक्या वेगानं वर चढत होती की थेंबाला मोठं व्हायला उसंतच मिळत नव्हती. पावसाचा थेंब व्हायचा तो बऱ्याच उंचीवर, आणि पडायचा तो झोतापासून दूर. झोत तिरका, वरचे वारे जोरदार, म्हणून पाऊस बाजूला. बायर्स आणि ब्रॅहम यांच्या ढगाला जे मारत होतं, ते या ढगानं स्वतःपासून लांब ठेवलं होतं.

पुढे ब्राउनिंग अमेरिकेत गेले. ओक्लाहोमातल्या गिअरी गावाजवळ ४ मे १९६१ रोजी टोर्नाडो देणारं एक वादळ झालं होतं. त्याचा अभ्यास त्यांनी राल्फ डोनाल्डसन यांच्यासह केला, तेव्हा वोकिंगहॅमची कमान त्यांना तिथेही भेटली. दोन खंडांवरच्या दोन वादळांची हाडं सारखी होती. अनेक पेशींच्या घोळक्याऐवजी इथे एकच विशाल, टिकाऊ पेशी राज्य करत होती. तिला ब्राउनिंगनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नाव दिलं, ‘सुपरसेल’.

या ढगाच्या गिरकीची खूण रडारवर त्याआधीच उमटली होती. ९ एप्रिल १९५३ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पावसाच्या मोजमापासाठी बसवलेल्या रडारवर डोनाल्ड स्टॅग्ज या तंत्रज्ञाला एका वादळाच्या कडेला आकड्यासारखी वाकडी शेपटी फुटताना दिसली. त्यानं पडद्याचं चित्रण केलं. फिरत्या झोताभोवती ओढला जाणारा पाऊसच तो आकडा काढत होता, आणि त्या वादळानं टोर्नाडो दिला होता. ई. एम. ब्रुक्स यांनी तर १९४९ सालीच हवेच्या दाबाच्या नोंदींवरून दाखवलं होतं की टोर्नाडोभोवती त्याहून बरंच रुंद, कमी दाबाचं फिरतं क्षेत्र असतं. त्यांनी त्याला ‘टोर्नाडो सायक्लोन’ म्हटलं.

या धाग्यांचा पीळ घट्ट करणारा माणूस जपानच्या क्युशू बेटावरून आला. तेत्सुया फुजिता यांनी तरुणपणी नागासाकी आणि हिरोशिमात अणुबॉम्बनं पाडलेल्या विध्वंसाची पाहणी केली होती. पडलेल्या वस्तूंवरून आघाताची दिशा वाचायला ते तिथे शिकले. पुढे गडगडाटी ढगांवरचं आपलं काम त्यांनी बायर्स यांना पाठवलं आणि १९५३ साली ते त्यांच्याकडे शिकागोला पोचले. २० जून १९५७ रोजी नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरावर टोर्नाडो आला, तेव्हा अनेक नागरिकांनी त्याची छायाचित्रं घेतली होती. फुजितांनी ती शंभरावर छायाचित्रं मिळवली, प्रत्येक कुठे उभं राहून काढलं हे शोधलं आणि ढगाची हालचाल मिनिटामिनिटानं उभी केली. टोर्नाडोच्या वर, ढगाच्या तळाखाली लोंबणारा ढगाचा एक रुंद फिरता ठोकळा होता. त्याला त्यांनी ‘वॉल क्लाउड’, म्हणजे भिंतीसारखा ढग, म्हटलं. मोठ्या फिरत्या झोतासाठी ‘मेसोसायक्लोन’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. ‘मेसो’ म्हणजे मधल्या आकाराचा. पिडिंग्टनचा सायक्लोन असा समुद्रावरून ढगाच्या पोटात आला.

आता मूळ प्रश्न, गिरकी येते कुठून? उत्तर ढगात नाही. ढग जन्मण्याआधीच्या, निरभ्र वाटणाऱ्या हवेत ते आहे.

देवासाठी वात वळताना खालचा तळवा स्थिर असतो आणि वरचा पुढे सरकतो. मधला कापूस आडवा गरगरतो आणि त्याला पीळ बसतो. हवेतही असंच घडतं. जमिनीलगतचा वारा मंद आणि वर जाऊ तसा वेगवान असेल, तर मधल्या थरांना आडवा पीळ बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मैलोन् मैल हवा न दिसणाऱ्या आडव्या वाती वळत असते. अशा हवेत तापलेल्या जमिनीवरून जोरदार झोत वर चढू लागला की तो या वातीला मधेच पकडून वर उचलतो. आडवी गिरकी उभी राहते. १९६० च्या दशकात ब्राउनिंग आणि स्टॅनली बार्न्स यांनी मांडलेली ही कल्पना आज या शास्त्राचा पाया आहे.

दोरी मधोमध धरून उचलली की तिचे दोन पाय खाली येतात. उचललेल्या वातीचेही तसेच दोन पाय होतात. एकात पीळ वर चढतो आणि दुसऱ्यात खाली उतरतो. म्हणून वरून पाहिलं तर एक पाय घड्याळाच्या उलट फिरतो आणि दुसरा घड्याळाच्या दिशेनं. दोन्हींच्या मध्ये पाऊस कोसळतो आणि ढग दुभंगतो. एक अर्धं वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, दुसरं डावीकडे. जोसेफ क्लेम्प आणि रॉबर्ट विल्हेल्मसन यांनी १९७८ साली हे दुभंगणं संगणकावरच्या त्रिमितीय ढगात घडवून दाखवलं.

मग बहुतेक मेसोसायक्लोन उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलटच का फिरतात? कारण वारा उंचीबरोबर नुसता वाढत नाही, दिशाही बदलतो. खाली दक्षिणेकडून, मध्ये नैर्ऋत्येकडून, वर पश्चिमेकडून असा वळत गेलेला वारा उजव्या अर्ध्याला बळ देतो आणि डाव्याला उपाशी ठेवतो. रॉबर्ट डेव्हिस-जोन्स यांनी १९८४ साली यातली खुबी उलगडली. झोतात शिरणारी हवा वातीला आडवी येत असेल, तर गिरकी झोताच्या दोन बाजूंना वाटली जाते. तीच हवा वातीच्या लांबीच्या दिशेनं आत शिरत असेल, तर ती मळसूत्रासारखी फिरत फिरतच वर चढते आणि अख्खा झोतच फिरू लागतो.

एकदा गिरकी आली की ती झोताला पोसते. ताक घुसळताना रवीभोवती मध्ये खळगा पडतो. तसा फिरत्या हवेच्या मध्यभागी दाब उतरतो. सुपरसेलमध्ये ही गिरकी जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरदार असते, म्हणून तिथला कमी दाब खालची हवा वर खेचतो. निव्वळ उष्णतेच्या बळावर जी हवा तेवढी चढली नसती, तीही चढते. ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत असेच घडतात आणि लिंबाएवढ्या गारांना त्या उंचीवर पेलून धरतात.

तरी मेसोसायक्लोन म्हणजे टोर्नाडो नव्हे. वातीला उचलणारी हवा वर चढत असते, त्यामुळे उभी झालेली गिरकी जमिनीपासून वरच राहते. ती जमिनीला टेकायला पावसानं गार झालेल्या, खाली उतरणाऱ्या हवेची मदत लागते. लेस्ली लेमन आणि चार्ल्स डॉसवेल यांनी १९७९ साली फिरत्या झोताला मागच्या बाजूनं वेढणारा हा उतरता झोत सुपरसेलच्या चित्रात पक्का बसवला. फार गार हवा गिरकीचा श्वास कोंडते, योग्य तेवढी गार हवा तिला आवळते. म्हणूनच बहुतांश फिरत्या ढगांतून टोर्नाडो उतरतच नाही, आणि कुठल्यातून उतरेल हे आधी ओळखणं आजही सर्वांत अवघड काम आहे.

पण ढग फिरतो आहे, हे कळणंही मोलाचं असतं. डॉप्लर रडार थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत हे सांगतं. एकमेकांना खेटून येणारे आणि जाणारे थेंब दिसले की तिथे गिरकी आहे. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीवर टोर्नाडो आला. मागाहून नोंदी तपासताना कळलं की त्याची खूण ढगात उंचावर आधीच उमटली होती आणि तिथून खाली उतरली होती. त्या पुराव्यावर १९९० च्या दशकात अमेरिकेभर दीडशेहून अधिक डॉप्लर रडारचं जाळं उभं राहिलं.

हा सारा अभ्यास ज्या संकटासाठी, ते आपल्या उपखंडात दाहकपणे दिसतं. चैत्र-वैशाखात बंगालच्या उपसागराची दमट हवा जमिनीलगत दक्षिणेकडून येते आणि तिच्यावरून कोरडे पश्चिमी वारे वेगानं वाहतात. वात वळणारे दोन्ही तळवे तिथे हजर असतात. त्या हवेत बंगालची कालबैसाखी, म्हणजे वैशाखातली गडगडाटी वादळं, घुमतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर आणि साटुरिया भागावर टोर्नाडो उतरला. त्यात सुमारे १३०० माणसं गेली. जगात नोंद असलेल्या कुठल्याही एका टोर्नाडोनं घेतलेले हे सर्वाधिक बळी आहेत.

महाराष्ट्रातला वैशाखातला वळीव बहुधा बायर्स-ब्रॅहमच्या कुळातला. वरचे वारे मंद, म्हणून तो गर्जून, कोसळून तासाभरात ओसरतो. हिवाळा सरताना वरचे पश्चिमी वारे जोरात असताना खाली दमट हवा शिरली, तर गोष्ट बदलते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यानं आणि विदर्भानं सोसलेली गारपीट याच ऋतुसंधीतली. गारेचा प्रत्येक ढग फिरता नसतो, पण ढग किती काळ जगेल हे ठरवताना पाऱ्याइतकंच वरच्या वाऱ्याकडेही पाहावं लागतं.

म्हणून मराठी लिहिणाऱ्यांना आणि बातम्या देणाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडे समुद्रावरचं वादळ, टोर्नाडो आणि कधी कधी शेतातली वावटळही ‘चक्रीवादळ’ या एकाच नावानं छापली जाते. ही तीन वेगळी कुळं आहेत. चक्रीवादळ समुद्रावर वाढतं आणि काही दिवस आधी सूचना देतं. टोर्नाडो फिरत्या ढगातून उतरतो आणि हाती मिनिटंच ठेवतो. वावटळ उन्हानं तापलेल्या जमिनीवरून, ढगाशिवायच उठते. पिडिंग्टननं नाव घडवलं ते खलाशाला वादळातून बाहेर पडायची दिशा कळावी म्हणून. नावं एकमेकांत मिसळली की इशाराही मिसळतो, आणि ऐकणाऱ्याला आपल्या हाती दिवस आहेत की मिनिटं, हेच कळत नाही.