काचेतला समुद्र आणि पाणी हलवणारे हात

१/
कोलशेतच्या खाडीकाठी भरतीच्या वेळी उभे राहिले, की समोर खारे पाणी, पलीकडे भिवंडी तालुक्याचा किनारा आणि पाठीमागे जुन्या गावठाणाला वेढून वाढलेल्या उंच इमारती दिसतात. यांतल्या एखाद्या दिवाणखान्यात आज दोन फुटांच्या काचेच्या टाकीत समुद्र मांडलेला असू शकतो : निळा प्रकाश, खडक, समुद्रफूल आणि त्याच्या आडोशाला विदूषक माशांची जोडी. गंमत अशी, की हाकेच्या अंतरावर खारे पाणी असूनही त्या टाकीत खाडीचा एक थेंब नसतो.
असे का? आणि समुद्र घरात आणण्याची ही हौस आली कुठून? #थ्रेड

२/
आधी खाडीकडे पाहू. कोलशेतजवळचे पाणी म्हणजे उल्हास नदी आणि समुद्र यांची रोजची ओढाताण. खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत हे प्रमाण भरती-ओहोटीबरोबर बदलते, आणि पावसाळ्यात नदी फुगली की पाणी जवळजवळ गोडे होते. शिवाय गाळ आणि शहराचे सांडपाणी. तिवर, निवटी आणि चिंबोरी यांना हा चढउतार मानवतो. प्रवाळाला मानवत नाही.

३/
प्रवाळ हा दगड नाही आणि वनस्पतीही नाही. तो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून प्रवाळाला स्वच्छ पाणी, भरपूर प्रकाश आणि स्थिर तापमान लागते. घरच्या टाकीत ते साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. उष्णता वाढली की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

४/
मग नळाच्या पाण्यात मीठ विरघळवले तर? ठाणे जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या मिठागरे पाहिली आहेत. त्यांच्याकडेच उत्तर आहे. समुद्राचे पाणी आटू लागले, की प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात. मग मीठ धरते. मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात उरतात. मिठागरातून घरी येते ते बहुतांशी सोडियम क्लोराइड. प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणारा कॅल्शियम त्यात जवळजवळ नसतो. मीठ हा समुद्राचा एक भाग आहे. नुसत्या मिठाने समुद्र होत नाही.

५/
आता इतिहास. १८३२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे जान विलप्रो-पॉवर ही फ्रेंच स्त्री एका प्रश्नाच्या मागे लागली होती : अर्गोनॉट हा अष्टपादाच्या कुळातला जीव आपले कवच स्वतः घडवतो, की दुसऱ्याचे बळकावतो? जिवंत प्राणी डोळ्यांसमोर ठेवल्याखेरीज उत्तर मिळणे शक्य नव्हते. तिने काचेच्या टाक्या करवून घेतल्या, निरीक्षण केले आणि कवच तो स्वतःच घडवतो हे सिद्ध केले. सागरी मत्स्यालयाच्या इतिहासाचे पहिले पान असे एका शास्त्रीय कुतूहलाचे आहे.

६/
दुसरे पान १८४६ चे. वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावर गेली असता तिला जिवंत प्रवाळ दिसले. ते लंडनला न्यायचे ठरले. प्रवासात आपटून फुटू नयेत म्हणून तिने ते सुई-दोऱ्याने स्पंजाला शिवून घेतले. लंडनला समुद्र नाही. किनाऱ्यावरून पुन्हा पुन्हा पाणी मागवणे कुठवर परवडणार? आहे तेच पाणी जिवंत ठेवावे लागणार होते.

७/
उपाय साधा होता. घरातील मोलकरीण रोज अर्धा ते पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. ओतताना हवा मिसळे आणि पाण्याला प्राणवायू मिळे. पुढे थिनबाईंनी त्यात समुद्री शैवालही ठेवले. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, वाढले. थिनबाईंची निरीक्षणे १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाणी ओतणारी ती स्त्री मात्र इतिहासात केवळ ‘मोलकरीण’ म्हणूनच उरली.
या कहाणीत पुढे जे जे येते, त्याचे बीज या प्रसंगात आहे. काचेतला समुद्र आपोआप जगत नाही. त्यासाठी कुणाला तरी पाणी हलवत राहावे लागते.

८/
१८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरील कर उठवला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एका भांड्यात एकमेकांना कसे तगवतात हे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघरी पोहोचला.

९/
समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी कृत्रिम समुद्रजलाची कृतीही दिली. साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार ठरावीक मापाने पाण्यात मिसळायचे. आज बादलीत मिळणारे ‘मरीन सॉल्ट’ हा त्याच कृतीचा सुधारलेला वंशज. त्यात कॅल्शियमपासून इतर सूक्ष्म घटकांपर्यंत सगळे मोजून घातलेले असते. कोलशेतच्या टाकीत खाडीचे पाणी का नाही, याचे उत्तर इथे पूर्ण होते. आरओचे शुद्ध पाणी आणि हे मिश्रण मिळून घरातला समुद्र तयार होतो.

१०/
पण या हौसेची किंमत कुणी मोजली? गॉस यांच्या पुस्तकांनी प्रभावित झालेली माणसे इंग्लंडच्या किनाऱ्यांवर लोटली. खडकांच्या डबक्यांतून दिसेल तो जीव उचलला गेला. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा ऱ्हास नोंदवला आहे. वडिलांनी प्रेमाने लिहिलेल्या पुस्तकांमुळेच ते किनारे ओस पडले, ही खंत त्यात आहे. समुद्रावर प्रेम करायला शिकवणाऱ्या माणसाच्या हातूनच नकळत समुद्र लुटला गेला.

११/
भारतात मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय सुरू झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. सुमारे ८ लाख रुपयांच्या या वास्तूसाठी डी. बी. तारापोरवाला यांनी २ लाखांची देणगी दिली होती. चर्नी रोडला उतरून काचेला नाक लावून मासे पाहणे हा मुंबई-ठाण्यातील अनेक पिढ्यांच्या बालपणाचा भाग झाला. २०१५ मध्ये ते नूतनीकरणानंतर पुन्हा खुले झाले.

१२/
घरगुती टाकीत प्रवाळ दीर्घकाळ जगवण्याचा मार्ग मात्र आशियातून आला. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातले जिवंत खडक, जिवंत वाळू, उष्ण कटिबंधातला सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे.
यामागचे रहस्य खडकाच्या छिद्रांत होते. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. खडकातले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. हे काम करणारे जिवाणू विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९० मध्येच ओळखले होते. थिनबाईंच्या मोलकरणीला आता असंख्य अदृश्य सोबती मिळाले.

१३/
हौस जगभर पसरली आणि एडमंड गॉस यांची खंतही मागोमाग आली. १९६० च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे जिवंत पकडण्यासाठी प्रवाळभित्तींवर सायनाइड फवारले जाऊ लागले. मासा गुंगतो, हाती लागतो. ज्या प्रवाळावर तो जगत होता ते मरते. डबक्यांची जागा प्रवाळभित्तींनी घेतली, एवढाच फरक.

१४/
प्रवाळ ही दूरदेशीची वस्तू आहे, असा आपल्याकडे समज असतो. तो चुकीचा आहे. १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामाला आरंभ झाला त्या सिंधुदुर्गाच्या भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहेत. तेथील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. कोकण किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत, पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचे पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठारावर प्रवाळांची समृद्ध वसाहत आहे.

१५/
एवढेच काय, मुंबईच्या गजबजलेल्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामात ते आड आले, तेव्हा २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील १८ वसाहती परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कुलाब्याकडे हलवण्यात आल्या.
परवानगी कशासाठी? कारण २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती बांधणारे सर्व प्रवाळ समाविष्ट झाले. कायद्याच्या दृष्टीने वरळीचा प्रवाळ वाघाच्या पंक्तीला बसतो. समुद्रघोडे त्याच वर्षी त्या यादीत आले.

१६/
म्हणजे भारतीय समुद्रातून तोडलेला कठीण प्रवाळ विकत घेऊन टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी संरक्षित प्रजातींसाठीही २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन आणले. टाकी मांडणाऱ्याने विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ‘हा जीव आला कुठून?’ हा असावा. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर १८५० च्या दशकात तो कुणी विचारला नाही.

१७/
या प्रश्नाचे एक चांगले उत्तर कोलशेतपासून फार दूर नाही. ठाणे खाडीच्या काठी ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या सहकार्याने शोभेच्या सागरी माशांची पैदास सुरू केली. विदूषक मासा यासाठी सोयीचा आहे. मादी खडकावर अंडी घालते, नर त्यांची राखण करतो आणि आठवड्याभरात पिल्ले बाहेर येतात. पिल्लांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव भरवावे लागतात आणि त्या जीवांसाठी शैवाल वाढवावे लागते. कष्ट आहेत, पण ते समुद्रावर पडत नाहीत. हातांनीच झेलले जातात.

१८/
घरच्या छोट्या टाकीतही हेच. पाणी रोज वाफेने उडते, क्षार मागे राहतात, म्हणून वरून गोडे पाणी घालावे लागते. टाकी जितकी लहान, तितकी चूक लवकर जीवावर बेतते. काही दिवसांनी थोडे पाणी बदलावे लागते. पंप अहोरात्र चालतो.
आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री वीज गेली आणि बॅटरीही संपली, तर शेवटचा उपाय एकच उरतो : हातात मग घ्यायचा, टाकीतले पाणी उचलायचे आणि उंचावरून पुन्हा टाकीत सोडायचे. पुन्हा. पुन्हा.

१९/
१८४६ मध्ये लंडनच्या एका खिडकीशी एक अनामिक स्त्री हेच करत होती. मधल्या पावणेदोनशे वर्षांत काच, दिवे, क्षार आणि कायदे बदलले. समुद्राला घरात आणता येते, पण त्याचे काम सोडवता येत नाही. बाहेर ते काम लाटा करतात. काचेच्या आत ते माणसाने अंगावर घेतलेले असते. ते झेपणार असेल तरच समुद्र घरी आणावा. एरवी खाडीकाठी जावे. ओहोटीच्या चिखलात निवट्या उड्या मारत असतात, आणि त्यांच्यासाठी पाणी हलवायला कोलशेतची खाडी समर्थ आहे.
(समाप्त)