काँग्रेस गवत : एका बदनाम पाहुण्याची गोष्ट

तर मंडळी, या वीकेंडचा विषय गवत आहे. म्हणजे खरं तर ते गवतही नाही, सूर्यफूल आणि झेंडूच्या कुळातलं एक तण आहे. ठाणे ते कल्याण लोकलच्या दारातून बाहेर बघा. रुळांच्या कडेला, पत्रे ठोकून ठेवलेल्या रिकाम्या प्लॉटवर, गाजराच्या पाल्यासारखी पानं आणि साबुदाण्याएवढी पांढरी फुलं दिसतील. हेच ते गाजर गवत, ऊर्फ चटक चांदणी, ऊर्फ काँग्रेस गवत.

हे शेवटचं नाव कसं पडलं, याची गोष्ट बहुतेक घरांत ठरलेली असते. अमेरिकेने पीएल-480 करारात रेशनचा लाल गहू पाठवला, त्यात हे बी आलं, आणि तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं म्हणून हे नाव! (दुसरी गोष्ट अशी की पांढरी फुलं गांधीटोप्यांसारखी दिसतात म्हणून.) गोष्ट झकास आहे, पण तारखा लावून बघूया.

भारताने पीएल-480 करार केला ऑगस्ट 1956 मध्ये. पुण्यातल्या उकिरड्यांवर हे झाड प्रा. परांजपे यांच्या नजरेस पडलं 1951 साली, आणि आर. एस. राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद छापली 1956 साली. म्हणजे आरोपी येण्याआधीच गुन्हा झालेला! गहूच दोषी धरायचा तर 1951 च्या अमेरिकन गहू-कर्जाकडे बोट दाखवावं लागेल. बरं, त्याही मागे गेलं तर कलकत्त्याच्या कंपनी बागेच्या 1814 सालच्या यादीत, रॉक्सबर्गच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये, या झाडाचं नाव सापडतं. तेव्हा कुठली काँग्रेस आणि कुठलं रेशन!

असो. कोणी आणलं यापेक्षा मला जास्त रस आहे तो हे टिकलं कसं यात. एका झाडाला 15 ते 25 हजार बिया येतात, त्या वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, ट्रकच्या टायरला चिकटून कुठेही जातात. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग आहे रसायनशास्त्र. या झाडाच्या पानांवरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, शिवाय पानांमुळांत फेनॉलिक आम्लं असतात. पाऊस पडला, पाला कुजला की हे सगळं मातीत उतरतं. शेजारच्या बियांची उगवण मंदावते, मुळं खुरटतात. कडधान्यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या ज्या गाठी असतात, त्यासुद्धा कमी होतात. झाडाने झाडावर केलेल्या अशा रासायनिक परिणामाला 1937 साली हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने 'अ‍ॅलेलोपॅथी' असं नाव दिलं.

यातला सगळ्यात भारी शोध आपल्या शेजारी, बंगळूरला लागला. कांचन आणि जयचंद्र यांनी 1980 च्या सुमारास दाखवलं की या झाडाचे परागकण टोमॅटो, वांगी, मिरचीच्या फुलांवर पडले तरी फळधारणा घटते. म्हणजे बांधावरचं झाड बांधावरूनच पीक पाडतं!

आणि माणसांचं काय? तेच पार्थेनिन कातडीवरही उठतं. पुन्हा पुन्हा संपर्क आला की काही जणांना खाज, पुरळ, मग चिवट इसब होतो. पुण्यातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण 1960 च्या दशकातच नोंदवले आहेत. आपण लोकलमधून बघून पुढे जातो, पण शेतात निंदणी करणाऱ्या बायका आणि शहरात ठेकेदाराकडचे सफाई कामगार ते उघड्या हातांनी उपटतात. नावाच्या वादात सरकारांवर खापर फुटलं, पण हातमोजे काही कोणी वाटले नाहीत.

उपाय? मेक्सिकोहून आणलेला, याचीच पानं खाणारा एक भुंगा 1984 साली बंगळूरजवळ सोडला. तो पावसाळ्यात काम करतो, पण एकटा पुरत नाही. मला आवडलेला उपाय वेगळाच आहे. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय अशा जागी टाकळा पेरायला सांगतं. हो, तोच टाकळा, जो पहिल्या पावसानंतर डोंबिवलीच्या बाजारात जुड्यांनी विकायला येतो! तो दाट उगवतो, ऊन अडवतो, आणि त्याचीही स्वतःची रसायनं आहेत. जशास तसे :)

तुमच्या सोसायटीच्या मागे हे गवत असेल तर फुलं यायच्या आत, माती ओली असताना, मुळासकट काढायला सांगा. आणि जो काढणार आहे त्याला आधी हातमोजे आणून द्या. पन्नास-शंभर रुपयांचं तर काम आहे.