टेम्पोची झडप आणि पाणबुड्याचा श्वास

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून पहाटे भाजी, कांदा-बटाटा आणि फळे घेऊन मुंबईकडे निघणाऱ्या लहान टेम्पोंपैकी कितीतरी आता सीएनजीवर चालतात. लोक ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात, त्याच्या टाकीत हा वायू सुमारे २०० बार दाबाखाली, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाबाने, कोंबलेला असतो. एवढ्या दाबाचा वायू थेट इंजिनात सोडता येत नाही. तो आधी मवाळ करावा लागतो, आणि इंजिनाला हवा तेव्हा व हवा तेवढाच द्यावा लागतो. ही दोन्ही कामे रेग्युलेटर करतो. पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीतही हवेचा दाब साधारण २०० बारच असतो, आणि त्याच्या तोंडातला रेग्युलेटर हीच दोन कामे करतो. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. त्यामागे एक इतिहास आहे. तो पाहण्याचे निमित्त मात्र अगदी व्यवहारी आहे.

मालवण-तारकर्लीला वर्षा-दोन वर्षांतून एकदा सुट्टीत जाऊन पाण्याखाली उतरणाऱ्यांची संख्या वाढली आहे. काहींनी रीतसर प्रशिक्षण घेऊन स्वतःची साधनेही घेतली. ती जुनी झाल्यावर प्रश्न पडतो की बेताच्या पैशात नवा रेग्युलेटर कोणता घ्यावा? दुकानदार महागडी मॉडेले पुढे करतो, आणि जिवाचा प्रश्न असल्याने माणूस घाबरून खिशापलीकडे खर्च करतो. रेग्युलेटर कशासाठी जन्माला आला आणि त्यात टप्प्याटप्प्याने काय सुधारले, हे कळले की ही भीती बरीच कमी होते.

आरंभ एका साध्या हिशेबाने करू या. वर्गात मुले हमखास विचारतात, “लांब नळीचे एक टोक पाण्यावर ठेवून खालून श्वास का घेता येत नाही?” एक मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका जादा दाब देते. छातीचे क्षेत्रफळ १,००० चौरस सेंटिमीटर धरले, तर छातीवर १०० किलोचा भार झाला. नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची. एवढा भार उचलून छाती फुगवणे श्वसनाच्या स्नायूंना झेपत नाही. (हा प्रयोग फळ्यावरच करावा, तलावात नव्हे.) याचा अर्थ असा, की पाणबुड्याला त्या त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळाली पाहिजे. दहा मीटरवर दोन वातावरण, वीस मीटरवर तीन. खोली क्षणोक्षणी बदलते, त्यामुळे हवेचा दाबही आपोआप बदलायला हवा.

या कोड्याचे पहिले चांगले उत्तर समुद्राऐवजी खाणीतून आले. फ्रान्समधील खाण-अभियंता बेन्वा रुकेरोल याने विषारी वायूने भरलेल्या खाणीत मदतीला जाणाऱ्यांसाठी १८६० साली एका रेग्युलेटरचे पेटंट घेतले. त्यात एक लवचिक पडदा होता. माणसाने श्वास ओढला की पडदा आत ओढला जाई, त्याला जोडलेली झडप उघडे आणि हवा येई. श्वास थांबला की झडप मिटे. नौदल अधिकारी ओग्युस्त देनेरूझ याने १८६४ साली हे यंत्र पाण्यासाठी सिद्ध केले. पडद्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी असल्याने पाण्याचा दाब वाढला की आतल्या हवेचा दाबही तेवढाच वाढे. ज्यूल व्हर्नच्या १८७० सालच्या प्रसिद्ध कादंबरीत नॉटिलसचे लोक याच दोघांच्या नावाचे उपकरण वापरतात. कल्पना पूर्ण होती. उणीव होती ती भरपूर दाब सोसणाऱ्या हलक्या टाकीची. त्यामुळे पाणबुड्याला बहुधा वरून पंपाने हवा पुरवावी लागे.

पुढे टाक्या सुधारल्या, पण पडद्याची कल्पना मागे पडली. १९३० च्या दशकात ईव्ह ल प्रियर या फ्रेंच अधिकाऱ्याच्या उपकरणात मजबूत टाकी होती, मात्र हवा सतत वाहत राही आणि ती कमी-जास्त करायला हाताने चावी फिरवावी लागे. म्हणजे माणूस श्वास सोडत असतानाही हवा खर्च होई.

आणि इथे टेम्पो येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले. मोटारी कोळशाच्या किंवा स्वयंपाकाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. एर लिकीद या वायू-कंपनीतील अभियंता एमिल गान्याँ अशा मोटारींसाठी झडप तयार करत होता. इंजिनाने ओढ घेतली की ती उघडे, ओढ थांबली की मिटे. १९४२ च्या डिसेंबरात नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो त्याला भेटला आणि पाण्याखाली श्वासाबरोबर हवा देणारे काही हवे आहे म्हणाला. गान्याँपुढे ते जवळजवळ तयारच होते. इंजिनाच्या जागी फुप्फुसे ठेवायची होती. जुन्या पद्धतीच्या सीएनजी संचात शेवटचा टप्पा असाच इंजिनाच्या ओढीने उघडतो. तेव्हा आपला टेम्पो आणि पाणबुड्या हे एकाच घराण्यातले म्हणायला हरकत नाही. (नाते असले तरी गाडीचे सुटे भाग श्वासाच्या उपकरणाला कधीही लावू नयेत. तेलाचा अंश आणि दाबाची वेगळी मर्यादा जीव घेऊ शकते.)

१९४३ च्या आरंभी पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली आणि ती फसली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. उभे राहिले की हवा भसाभस वाया जाई, डोके खाली केले की ती येईना. शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. श्वास आत घेण्याची जागा आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा वेगवेगळ्या पातळीवर होत्या. दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक म्हणजे पाण्याच्या दाबातही तेवढाच फरक, आणि नाजूक झडपेला तो पुरेसा होता. बाहेर जाणारी वाट पडद्याच्या अगदी जवळ आणताच दोष गेला. जूनमध्ये बांदोलजवळच्या समुद्रात कुस्तो मोकळेपणाने पोहला.

यानंतरचा महत्त्वाचा बदल ऑस्ट्रेलियात झाला. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने १९५२ साली ‘पॉर्पस’ नावाचा रेग्युलेटर बाजारात आणला. त्याने काम दोन ठिकाणी वाटले. पहिला टप्पा टाकीवर, तो २०० बारचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ९-१० बार जास्त इतक्यावर आणतो. दुसरा टप्पा तोंडाशी, तो उरलेले काम करतो. मध्ये एकच नळी. आज दुकानात दिसणारे जवळपास सगळे रेग्युलेटर याच घडणीचे आहेत.

त्यानंतरची प्रगती मुख्यतः श्वास अधिक हलका करण्यात गेली. साध्या पिस्टनच्या पहिल्या टप्प्यात टाकीचा दाब झडप उघडायला मदत करतो. टाकी रिकामी होत आली की ही मदत घटते आणि श्वास किंचित जड होतो. ‘संतुलित’ रचनेत हा परिणाम काढून टाकलेला असतो. त्यासाठी भाग वाढतात आणि किंमतही. हा फरक कुठे जाणवतो, याचा हिशेब करू. मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर दहा मीटरवर ४० आणि तीस मीटरवर ८० लिटर लागेल. १२ लिटरची टाकी २०० बारने भरली की २,४०० लिटर हवा होते. राखीव साठा सोडून दिला, तर ती दहा मीटरवर तासभर पुरेल, तीस मीटरवर अर्धा तास. खोलवर हवा दाट असते, दर श्वासाला झडपेतून अधिक वायू जावा लागतो, आणि तिथे संतुलित रचना खरोखर कामी येते.

पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सुट्टीत उतरणारे उथळ पाण्यातच असतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ साली डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. द्वारकेचे त्यांचे प्रसिद्ध संशोधन किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रातले आहे. तिथेही खोलीपेक्षा गढूळ पाणी आणि लाटा यांचाच त्रास अधिक. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वर्षातून चार-सहा वेळा, अठरा मीटरच्या आत उतरणाऱ्याला प्रतिष्ठित कंपनीचा साधा पिस्टनचा पहिला टप्पा आणि साधा दुसरा टप्पा पुरतो. त्यात हलणारे भाग थोडे असतात, म्हणून बिघडण्याच्या जागाही थोड्या. शिवाय बहुतेक बिघाडांत या घडणीत हवा बंद पडत नाही, वाहत सुटते. ती गैरसोय आहे, पण वर यायला वेळ मिळतो.

वाचलेले पैसे देखभालीसाठी ठेवावेत. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी हे विचारावे, की याचे रबरी कडे आणि झडपेची गादी भारतात मिळते का, आणि ती बदलणारा प्रशिक्षित माणूस कुठे आहे? उत्तर गोलमाल आले तर स्वस्त माल महाग पडणार. जुना रेग्युलेटर विकत घेतानाही हाच नियम, कारण सुटे भाग बंद झालेले मॉडेल फुकट मिळाले तरी घेऊ नये. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने तर भाड्याचा वापरावा आणि तोंडात धरायचा रबरी भाग तेवढा स्वतःचा न्यावा. टाकीला जोडण्याच्या पद्धती दोन आहेत, योक आणि डिन. जिथे उतरायचे तिथल्या टाक्या कोणत्या, ते आधी विचारून घ्यावे.

वापरानंतर पहिल्या टप्प्याचे टोपण लावून रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवावा. त्या वेळी दुसऱ्या टप्प्यावरचे बटण दाबू नये, नाहीतर पाणी नळीतून उलटे आत शिरते. सहलीला निघण्यापूर्वी घरी एक तपासणी करता येते. टाकी न जोडता, टोपण घट्ट बसवून, तोंडाने हवा हलकेच ओढावी. काहीच येता कामा नये. हवा आली, तर पडद्याला भोक आहे किंवा उच्छ्वासाची झडप नीट मिटत नाही. अशा वेळी पाण्यात उतरू नये. तो आधी दुरुस्तीला द्यावा.